तीन-तीन अक्षरांनी गेलेला निरोप

दिनकररावांच्या यंत्राला त्यांच्या पत्नी कमलबाईंनी रातकिडा असं नाव ठेवलं होतं. परभणीच्या त्या गल्लीत यंत्राचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तेच चाललं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला माडीवरच्या खोलीतून चिर्र-चिर्र सुरू झालं, की शेजारपाजारचे म्हणायचे, "सर बोलायलेत."

सर तोंडानं काहीच बोलत नसत. दिनकरराव देशमुख हे एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे. राणीसावरगावला वडिलोपार्जित जमीन होती, ती बटईनं दिलेली. घरात मूलबाळ नव्हतं आणि रेडिओचा नाद मात्र जुना होता. हौशी रेडिओचा सरकारी परवाना त्यांनी परीक्षा देऊन मिळवला होता आणि चौकट करून भिंतीवर टांगला होता. आधी ते माइकवर बोलत, मग मोर्सच्या कट्ट-कड्डला लागले, आणि पुण्याहून एक लहानसा संगणक आणल्यापासून त्यांनी तोंड आणि बोटांची किल्ली दोन्ही सोडली. संगणक जुन्या टीव्हीला जोडलेला, टीव्हीशेजारी रेडिओ, रेडिओतून गच्चीवरच्या तारेला वायर. इकडे टाइप केलं की शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या हौशी माणसाच्या पडद्यावर ते उमटायचं.

या पद्धतीत एक गोष्ट होती आणि दिनकरराव तिच्यावर लुब्ध होते. मजकूर तीन-तीन अक्षरांनी जायचा. तीन अक्षरं गेली की यंत्र गप्प राहून ऐकायचं. पलीकडचं यंत्र ती तपासून "मिळाली" म्हणायचं, तेव्हाच पुढची तीन निघायची. मिळाली नाहीत, तर तीच पुन्हा. आभाळात कितीही गडगड असो, पोच आल्याशिवाय गाडी पुढं सरकायची नाही.

"टपालात पत्र गहाळ होतं," ते येईल त्याला सांगत, "तारेत अक्षर गळतं. माणसाच्या तोंडी निरोप दिला तर वाटेत त्याला शेपूट फुटतं. इथं जे निघालं तेच पोचतं. आणि दुसरं म्हणजे, इथं जात नाही, धर्म नाही, पुढारी नाही. खाली बघा, अख्खा मराठवाडा विद्यापीठाच्या नावावरून भिंती रंगवायलाय. वर आकाशात फक्त कॉलसाइन, म्हणजे परवान्याचा नंबर, विचारतात."

"आकाशात नसंल," कमलबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या. "आमच्या जिन्याखाली मात्र हाय."

जिन्याखाली शेतावरून येणाऱ्या माणसांसाठी जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पेले आणि ताटल्या वेगळ्या ठेवलेल्या असत. ते सासूबाईंच्या वेळेपासून होतं. दिनकररावांनी ते कधी काढायला सांगितलं नव्हतं, नि ठेवायलाही सांगितलं नव्हतं.

रोज सहाला पलीकडे असायचे ते आबासाहेब. कृष्णेकाठच्या एका साखर कारखान्याचे मुख्य अभियंता. चार वर्षांचा स्नेह, पण एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आबासाहेबांना दिनकरराव ठाऊक होते ते प्राध्यापक, जमीनदार, देशमुख घराण्यातले. दिनकररावांना आबासाहेब ठाऊक होते ते बंगला, जीप आणि पन्नास फुटी अँटेनावाले. हवा कशी आहे, सिग्नल कसा आहे, नवा ट्रान्झिस्टर कुठला घातला, यावर दोघांचं तासभर सहज चालायचं.

१९९० सालच्या जानेवारीत, नामांतराच्या बंदची हाक असलेल्या दिवशी, बायनाबाई त्यांच्या दारात आली. बरोबर तिचा पुतण्या वैजीनाथ. दुकानं मिटलेली, एसटी आगारातच उभ्या, आणि ही दोघं सरकारी दवाखान्यातून, म्हणजे सिव्हिलमधून, चालत आलेली.

बायनाबाईचा नवरा आश्रुबा दिनकररावांची जमीन बटईनं करायचा. तो गेल्यावर मुलगा मुंजाजी करू लागला. पाऊस झाला तर जमीन करायची, दिवाळी झाली की नवरा-बायकोनं कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं. या वर्षी बायको पारूबाई पोटुशी होती म्हणून गावी राहिली आणि मुंजाजी चुलतबहिणीला जोडीला घेऊन गेला होता. गावातच पारूबाई बाळंत झाली. मुलगी झाली. चौथ्या दिवसापासून ताप चढला, तो उतरेना. गंगाखेडहून तिला परभणीला हलवलं, तोवर विष रक्तात भिनलं होतं.

बायनाबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. वर बसायला कुणी म्हटलं नाही आणि ती बसलीही नसती.

"मालक, डागदर म्हनला, नवऱ्याला बोलवून घ्या. आजच बोलवा म्हनला."

"तार केलीस का?"

"दोनदा केली जी."

"मग?"

उत्तर वैजीनाथनं दिलं. "तारंवर कोन इस्वास ठिवतंय, मालक? ह्यात आमच्याच लोकांचं पाप हाय. ऊस तोडून जीव इटला की गावाकडनं तार मागवायची, माय सिरियस, निघून ये. गेल्या साली आमच्या टोळीत तिघांच्या माया मेल्या. त्यातली एक तर दोनदा मेली. आन ती म्हातारी दर जत्रंला पालखीम्होरं फुगडी घालती."

कमलबाईंना हसू फुटलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं.

"बन्सीधर मुकादम तारा खिशात घालतो," वैजीनाथ म्हणाला. "गाळप सपल्यावर सगळे मिळून रडा म्हनतो."

पारूबाईला सिव्हिलमध्ये आणल्याचं कळल्यावर दिनकररावांनी आदल्या दिवशीच कॉलेजातून ट्रंक कॉल लावला होता. दुपारभर वाट पाहून कारखान्याचा कुणी कारकून लागला आणि मजुरांचे निरोप इथं घेत नाहीत, मुकादमाला गाठा, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. मुकादमाला फोन नव्हता.

"ती सारखी इचारायली," बायनाबाई म्हणाली. "नाव तर घेत न्हाई नवऱ्याचं. नरसबाईनं इचारलं, नाव सांग, तर मान फिरवली. पर डोळं उघडलं की म्हनती, आले का. आता मी काय सांगू तिला? म्हनते, निघाला हाय."

"वैजीनाथला गाडीत बसवा ना अहो," कमलबाई म्हणाल्या. "रेल्वे तर चालू हाय. मनमाडवरून जाईल."

"मी तयारच हाय बाईसाब. भाकरी बांधूनच आनल्यात." वैजीनाथनं बगलेतलं गाठोडं दाखवलं. "मुकादमाच्या नरड्यावर बसून भावाला घिऊन येतो."

दिनकररावांनी हात वर केला. वर्गात पोरं गलका करू लागली की करायचे तसा.

"थांबा. तू पोचणार परवा. मग तो निघणार, आणखी दोन दिवस. माझ्याकडे याहून जलद उपाय आहे. सहा वाजता आबासाहेब येतील. मुंजाजी आहे त्याच कारखान्यावरचे मोठे साहेब आहेत. त्यांच्या शब्दापुढे मुकादम काय करतो?"

बायनाबाईनं आधी त्यांच्याकडे, मग छताकडे पाहिलं. तिनं हात जोडले.

सहाला ती दोघं माडीच्या दारात उभी राहिली. कमलबाईही कधी नव्हे त्या वर आल्या. दिनकररावांनी मजकूर आधी पडद्यावर जुळवून ठेवायचा आणि मग सोडायचा, अशी त्यांची रीत होती. यंत्राला इंग्रजीच लिपी येत असल्यानं मजकूरही इंग्रजीतच. त्यांनी लिहिलं, की बन्सीधर मुकादमाच्या टोळीत मुंजाजी आश्रुबा नावाचा ऊसतोड मजूर आहे, त्याची बायको परभणीला मरणाच्या दारात आहे, ही तार खोटी नाही, मी स्वतः खात्री केली आहे, त्याला ताबडतोब सोडावं.

लिहून झाल्यावर त्यांची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली.

परवान्याची अट स्पष्ट होती. आपलं स्वतःचं आणि यंत्राविषयीचं बोलावं. तिऱ्हाइताचा निरोप पोचवू नये, ते काम तार खात्याचं. सरकारी केंद्रं ऐकत असतात हे प्रत्येक हौशी माणसाला ठाऊक होतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एकाला गेल्याच वर्षी असल्याच कारणावरून नोटीस आली होती. त्याचा सेट सील झाला आणि तो बिचारा अजून अर्ज करत होता. दिनकररावांना आपली खोली सील लावलेली दिसली. सहा वाजता घरात शांतता दिसली.

त्यांनी मजकूर पुसला. मुकादम पुसला, टोळी पुसली, ऊसतोड पुसली. नातेवाइकाचा निरोप हा स्वतःचाच निरोप, त्याला कोण हरकत घेणार? नव्यानं लिहिलेला मजकूर आटोपशीर होता.

"माझे चुलतबंधू मुंजाजी सध्या तुमच्या कारखान्यावर आहेत. त्यांची पत्नी अत्यवस्थ. कृपया ताबडतोब परभणीला रवाना करावे."

वाचल्यावर त्यांना तो आधीपेक्षा चांगलाही वाटला. भाऊ म्हटल्यावर आबासाहेब अधिक झटून शोधतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

चिर्र झालं. थांबलं. पलीकडून बारीक उत्तर आलं. पुन्हा चिर्र. हवा विशेष चांगली नव्हती, मधूनच एखादं पाऊल दोनदोनदा टाकावं लागत होतं, पण रातकिडा हट्टानं पुढे जात राहिला. शेवटचं अक्षर गेलं. मग पडद्यावर आबासाहेबांची ओळ तीन-तीन अक्षरांनी उमटली.

"सर्व मिळाले. शोधून आजच रवाना करतो. काळजी नसावी."

दिनकरराव खुर्चीतून वळले. "पोचला."

बायनाबाईनं यंत्राला हात जोडले आणि कानशिलावर बोटं मोडली. वैजीनाथ म्हणाला, "आयला, हे भारीच हाय."

"मुकादमाचं नाव घातलं ना?" कमलबाईंनी विचारलं. "टोळीचं?"

"त्याची गरज नव्हती."

"अशी कशी गरज नाही?"

"मुंजाजी हे नाव तुला परभणीबाहेर कुठं ऐकू आलंय का? कृष्णेकाठी दुसरा मुंजाजी सापडायचा नाही."

यात खोटं काही नव्हतं. दुसरा मुंजाजी तिथं नव्हताच. पण कारखान्याच्या दप्तरी पहिलाही नव्हता. तिथं मजुराचं नाव नसतं, मुकादमाचं असतं आणि त्याच्यापुढे किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्यांच्या किती जोड्या, ते असतं. हे दिनकररावांना माहीत नव्हतं. वैजीनाथला माहीत होतं, पण पडद्यावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं.

"मग मी निघू का नको, मालक?" वैजीनाथनं विचारलं.

"आता कशाला? तू तिकडे पोचेस्तोवर तो इकडे आलेला असेल. वाटेत चुकामूक करून घ्यायची का? सिव्हिलला थांब. औषधं आणायला पुरुषमाणूस पाहिजे."

वैजीनाथ घुटमळला. "एक डाव जाऊन आलो असतो तर—"

"निरोप पोचला म्हणतोय ना मी! त्यांच्या मशीननं पोच दिली, त्यांनी स्वतः दिली. आणखी काय पाहिजे तुला, स्टँप?"

वैजीनाथ खाली उतरला. रस्त्यासाठी बांधलेल्या भाकऱ्या त्यानं आणि बायनाबाईनं सिव्हिलच्या व्हरांड्यात बसून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिनकरराव स्वतः वॉर्डात गेले. हे ते सहसा करत नसत. पारूबाई खाटेवर एवढीशी दिसत होती. शेजारी कमलबाई बसल्या होत्या. त्या सकाळीच येऊन कापसाच्या बोळ्यानं तान्हीला दूध पाजत होत्या. मालकांना पाहून पारूबाईनं पदर डोक्यावर घ्यायला हात उचलला, तो अर्ध्यातच पडला.

"आले का?"

"निघालाय," दिनकरराव म्हणाले. "निरोप काल संध्याकाळीच पोचला. माझी खात्री आहे."

तिनं डोळे मिटले. चेहरा जरा सैल झाला. बायनाबाई त्यांच्याकडे देवाकडे पाहावं तसं पाहत होती. दिनकररावांना संकोच वाटला आणि बरंही वाटलं.

"तिला कालपासून हेच सांगायलोत," कमलबाई व्हरांड्यात म्हणाल्या. "पण तुम्ही सांगितल्यावर खरं वाटलं तिला. आता तो आला पाहिजे."

"येईल."

मनमाडकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला वैजीनाथ स्टेशनवर गेला. फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन त्यानं सगळे डबे पाहिले आणि दर वेळी एकटा परतला. संध्याकाळी सहाला दिनकररावांनी हाक घातली. रातकिडा बराच वेळ ओरडत राहिला. पलीकडून पोच आली नाही. कृष्णाकाठचं यंत्र बंदच होतं.

"गाळपाचे दिवस आहेत," ते जिन्यातूनच खाली म्हणाले. "साहेबांना काम निघालं असेल. मुंजाजी निघाला असणार."

"असणार?" कमलबाईंनी विचारलं. "काल तर निघाला होता."

ते पुन्हा वर गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पारूबाई गेली. शेवटचं ती काही बोलली का, हे दिनकररावांनी विचारलं नाही, पण कमलबाईंनी आपणहून सांगितलं. "गाडी वाजली तेव्हा तिनं डोळे उघडले होते. स्टेशन जवळच हाय ना. मग मिटले."

टेम्पो करून तिला राणीसावरगावला नेलं. अग्नी वैजीनाथनं दिला. तान्ही बायनाबाईच्या पदरात गेली.

त्या संध्याकाळी आबासाहेब आले. हवा स्वच्छ होती, एकही अक्षर दोनदा पाठवावं लागत नव्हतं.

"क्षमस्व, देशमुखसाहेब. काल मिलचा रोलर तुटला, रात्रंदिवस तिथेच उभा होतो. आपले बंधू इथे आलेले नाहीत. परवाच गेस्टहाउस पाहिले. अधिकारी वसाहत, प्रयोगशाळा, लेखा विभाग सर्वत्र चौकशी केली. चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावरही माणूस धाडला. इथे तीन देशमुख आहेत, त्यांच्यापैकी कुणाकडे पाहुणे नाहीत. दुसऱ्या कारखान्यावर तर गेले नसतील? वहिनींची प्रकृती कशी आहे?"

 पलीकडचं यंत्र उत्तराची वाट पाहत मधूनमधून चिरकत होतं. मग दिनकररावांनी टाइप केलं. आधी जुळवून ठेवलं नाही, चौकटीकडे पाहिलं नाही. बन्सीधर मुकादमाची टोळी. ऊसतोड. पत्नी आज सकाळी वारली.

 यंत्रं एकमेकांना हो-हो म्हणत राहिली.

"टोळीत?" आबासाहेबांनी शेवटी लिहिलं. "आपले बंधू?"

आणि थोड्या वेळानं, "ती टोळी माझ्या बंगल्याच्या भिंतीपलीकडेच उतरली आहे. आपण परवा एवढे लिहिले असते तर हाक मारून बोलावले असते."

दिनकररावांनी यंत्र बंद केलं. नंतर बरेच दिवस ते माडीवर गेले नाहीत. गल्लीतल्या लोकांनी विचारलं, सर आजारी हायेत का?

दहावं उरकल्यावर मुंजाजी परभणीला आला. डोकं भादरलेलं, त्यावर नवी टोपी. बरोबर बायनाबाई, तिच्या कडेवर तान्ही. मुंजाजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला, मग काहीतरी आठवून उठला आणि दिनकररावांच्या पायावर डोकं ठेवलं.

"तुमी लय केलं, मालक."

"अरे, मी काय केलं."

"निरोप उशिरा गावला, तेवढंच नशीब. दोन रोज आधी गावला असता तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "कुठं अडकला व्हता जी?"

स्वयंपाकघराच्या दारात कमलबाई थांबल्या.

"हवा खराब होती," दिनकरराव म्हणाले.

बायनाबाईनं तान्हीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "पर मालक, त्या दिशी तर तुमी म्हनला व्हता की पोचला."

"अर्धाच पोचला होता."

"अर्धा?"

"हं."

"मग आमच्या वैजीनाथला—"

"जाऊ दे गं आये," मुंजाजी मध्येच म्हणाला. "हवंला कोन काय करंल? निरोप सायबानं सोता आनून दिला मला." तो दिनकररावांकडे वळला आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "मालक, ते सायेब जीप घिऊन थेट आमच्या पाचटाच्या कोपीपाशी आले. आमी भाकरी खायलो व्हतो. बन्सीधर मुकादम चटशिरी उभा ऱ्हायला, हात मागं बांधून. सायेब मला म्हनले, तुमी देशमुखांचे बंधू का? तुमी म्हनले मला! मी म्हनलं, न्हाई जी, मी त्यांचा बटईदार हाय. तर सायेब म्हनले, त्यांनी तर तुमाला भाऊ लिवलंय. मालक, खरंच लिवलं?"

दिनकररावांनी मान हलवली.

"लिहिलं."

"बगितलंस, आये?" मुंजाजीनं डोळे पुसले. "बन्सीधर म्हनला, आरं, तू देशमुखाचा भाऊ, आन सांगितलं न्हाईस? सगळ्या टोळीनं ऐकलं. माज्या बापानं उभा जल्म ह्या जमिनीत घातला, त्याला कुनी गडी सोडून दुसरं म्हनलं न्हाई. पारू असती तर तिला सांगितलं असतं."

 बायनाबाई दिनकररावांच्या पायांकडे पाहत होती.

"मला दावा की मालक, कुठं लिवलंय ते."

"ते राहत नाही रे. गेलं की पुसलं जातं."

"मग पुन्यांदा लिवा. एकडाव बघतो."

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. दोघं माडीवर गेले, मुंजाजी दारातच थांबला, मग बोलावल्यावर आत आला. बऱ्याच दिवसांनी टीव्ही लागला. दिनकररावांनी एक-एक अक्षर दाबत तेवढी ओळ पुन्हा उमटवली. माझे चुलतबंधू मुंजाजी.

"ह्यातलं माजं नाव कोन्तं?"

दिनकररावांनी बोट दाखवलं. मुंजाजीनं उसाच्या पात्यानं चिरलेलं बोट काचेवर टेकवलं आणि चटकन मागं घेतलं, डाग पडेल म्हणून.

"आन हे भाऊ?"

"हे."

कमलबाई चहा घेऊन वर आल्या. घरातल्या कपबशा होत्या, पाहुण्यांसाठीच्या, निळ्या काठाच्या. एक नवऱ्याच्या हाती देऊन दुसरी त्यांनी मुंजाजीपुढे धरली. तो दोन पावलं मागं सरला.

"माजा पेला कुठं गेला, बाईसाब?"

"ह्यातच घ्या, भाऊजी."

"न्हाई न्हाई, फुटंल माज्या हातून." तो हसला, अवघडून. "मीच आनतो. ठावं हाय मला." आणि तो जिना उतरून गेला. खालून जर्मनच्या पेल्याचा खणखणाट आला.

कमलबाईंनी हातातली कपबशी यंत्राशेजारी ठेवली. पडद्यावरची ओळ त्यांनी वाचली. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या.

"आता त्याखाली मुकादमाचं नावही लिहून दाखवा त्याला," त्या हळू म्हणाल्या. "जागा भरपूर हाय."

दिनकररावांनी ओळ पुसली. मुंजाजी पेला घेऊन वर आला, कमलबाईंनी कपातला चहा त्यात ओतला आणि त्या खाली निघून गेल्या. मुंजाजी उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून चहा फुंकू लागला. इतक्यात रेडिओत चिर्र झालं. सहा वाजले होते. पलीकडून हाक आली होती आणि इकडचं यंत्र, त्याच्या सवयीनं, कुणाला न विचारता पोच देऊ लागलं होतं.

"कोन हाय जी?" मुंजाजीनं विचारलं.

"आबासाहेब."

मुंजाजी पेला खाली ठेवून उभा राहिला. "जीप घिऊन आलेले सायेब? त्यास्नी माजा रामराम लिवा, मालक. म्हनावं, मुंजाजीनं सांगितलाय."

दिनकररावांची बोटं किल्ल्यांवर आली. चौकट समोरच होती. तिऱ्हाइताचा निरोप.

पडद्यावर आबासाहेबांची ओळ पुरी झाली. बरेच दिवस भेट नाही, आज सिग्नल उत्तम, हवा स्वच्छ, तिकडे कसे? दिनकररावांनी उत्तर लिहिलं. इथेही स्वच्छ.

"लिवला का?"

"लिहिला."

"मग, काय म्हनले सायेब?"

दिनकरराव पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "हवा चांगली आहे म्हणतात."